तात्यांचे डोळे शाबूत होते

आमच्या तात्यांना कुणी ‘बिच्चारे’ म्हणालं, की त्या माणसाला मी चहा विचारत नाही. मग तो सोयरा असो, साहेब असो, नाहीतर देवळातला गुरव. तात्या जाऊन दोन पावसाळे झाले, तरी हा नियम मोडलेला नाही. लोक काही सुधारत नाहीत. “तुमचे वडील म्हणजे ते आंधळे होते ते ना? अरेरे!” अरेरे कशाचं, सांगा की मला. सत्तरी ओलांडेपर्यंत जगला माणूस. दोन पोरं वाढवली, म्हशी राखल्या, भावकीशी भांडला, कुस्तीच्या मैदानात बसून घसा बसेस्तोवर ओरडला आणि एके दिवशी सकाळचा चहा पिऊन गेला. यात अरेरे कुठं बसतं?

तात्या जन्मापासून आंधळे नव्हते. फौजेत होते. आमच्या कृष्णाकाठच्या गावात दर दोन घरांआड एक फौजी, त्यातलेच एक. डोंगराच्या रस्त्यावर त्यांची गाडी उलटली, डोक्याला मार बसला आणि डोळ्यांमागची शीर गेली. घरी आणलं तेव्हा माझी बहीण रांगत होती आणि मी आईच्या पोटात होतो. म्हणजे बहिणीचं तोंड तात्यांनी आधी सुट्टीवर आले तेव्हा पाहिलेलं, माझं नाही. भांडणात बहिणीकडं दुसरं काही शिल्लक राहिलं नाही की ती हे बाहेर काढायची. “मला तात्यांनी बघितलंय, तुला न्हाई!” मी तिची वेणी ओढायचो आणि मार खायचो.

सिनेमातला आंधळा बाप लेकाच्या तोंडावरनं हात फिरवून त्याला ओळखतो. आमच्याकडं असलं काही झालं नाही. माझ्या अख्ख्या तोंडापैकी तात्यांना फक्त कान माहीत होता, तोही पिरगाळायला.

त्यांना तोंडापेक्षा बातमी पाहिजे असायची. मोठा झाल्यावर मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून निघालो, की गावाची कमान ओलांडायच्या आत खांद्यावर थाप पडायची. “हं, सांग.”

दिसेल ते सांगायचं, हे आमचं ठरलेलं.

“ऊस छान आलाय तात्या.”

“छान म्हंजे काय? तुझ्या मामाच्या लग्नातलं जेवण बी छान हुतं. नीट सांग.”

मग नीट सांगायचं. खांद्याला लागलाय, खालचा पाला पिवळा पडलाय, बांधाकडची एक सरी आडवी झालीय. “आता कसं!” म्हणायचे आणि शेतमालकाला आळशी ठरवून मोकळे व्हायचे. बोलायचं कसं हे मला शाळेनं शिकवलं नाही. मोटारसायकलवर मागं बसलेल्या, सारखी खांद्यावर थापा मारणाऱ्या ह्या माणसानं शिकवलं. आज कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करतो, तर तिथले सोबती म्हणतात, ह्याला विचारू नका, हा पंचनामाच करत बसतो. करतो. माझ्या बापानं लावलेली खोड आहे.

तात्यांचे डोळे बाहेरून बघाल तर एकदम स्वच्छ. काळेभोर, तुळतुळीत. त्यामुळं लोक जास्तच निरखून बघायचे. खरंच आंधळा आहे का सोंग करतोय, असं. माझं डोकं त्या बघण्यानं फिरायचं. एकदा सांगलीच्या एसटी स्टँडवर एक जण तात्यांच्या तोंडासमोर येऊन वाकून बघायला लागला, म्हैस बघतात तसा. मी त्याची कॉलर धरली. “काय बघतोस रं? जत्रा हाय काय?” चार माणसं गोळा झाली, सोडवासोडवी झाली. तात्या बाकावर बसून शेंगा खात होते. मी धापा टाकत शेजारी बसलो तर म्हणाले, “बघू दे की त्येला. बघण्यानं झिजतोय व्हय मी?”

“पण तुमाला कसं कळलं, त्यो बघत हुता म्हणून?”

“तू बोंबललास की. सगळ्या सांगलीला कळलं.”

हे तात्या. आई त्यांच्या वरताण. तिची जिद्द आवाज न करणारी, म्हणून लोकांना कळायची नाही. वटपौर्णिमेला गावातल्या सगळ्या बायका वडाला दोरा गुंडाळतात आणि सात जन्म हाच नवरा दे म्हणून मागतात. तात्या अंध होऊन घरी आले, त्या वर्षी आई वडाकडं निघाली तर शेजारणी पदराआड कुजबुजल्या. एकीनं तोंडावरच विचारलं, “सात जन्म ह्योच मागतीस व्हय गं?” आईनं वडाला दोरा गुंडाळला, आणि मग दरसाल गुंडाळत राहिली. परत येऊन तात्यांना आंबा कापून द्यायची. तात्या फोड तोंडात टाकून म्हणायचे, “झालं काय माझं बुकिंग?” ती म्हणायची, “झालं. गप खावा.”

पुढं बहिणीला साताऱ्यात दिली. एका श्रावणात आम्ही सगळे तिच्याकडं गेलो आणि तात्यांनी हट्ट धरला, महाबळेश्वर बघायचं. बघायचं, हाच शब्द. टॅक्सीवाल्यानं तात्यांचा हात माझ्या हातात बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “ह्यांना पॉइंट कशाला दाखवताय? पैसे फुकट जातील तुमचे.” मी काही बोलायच्या आत मागून तात्या म्हणाले, “गाडी काढा वो. मी चढ-उतार ऐकून घेतो, बाकीचं पोरगं सांगतंय.”

वर पोचलो तर हे धुकं! कठड्याला हात लावला तर हात दिसेना. पाऊस आडवा मारत होता. पुण्या-मुंबईकडून आलेली माणसं छत्र्या सांभाळत उभी होती आणि समोर नुसता पांढरा पडदा. एक जण म्हणाला, “काहीच दिसत नाही यार.” दुसरी बाई नवऱ्यावर चिडली, “एवढ्या लांब आणलंत, आणि काय दिसतंय?”

तात्यांनी मला विचारलं, “सांग.”

“काय सांगू तात्या? काय दिसंना.”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

तात्यांना असं हसू फुटलं की काठी खाली पडली. मग त्या सगळ्या गर्दीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “या गड्यांनो या! आज समदे माझ्या घरी आलाय! घाबरू नका, पाऊल दमानं टाका, सवय हुतीया हळूहळू!” ती चिडलेली बाईसुद्धा हसली. परत येताना टॅक्सीवाल्यानं तात्यांना पुढच्या सीटवर बसवलं, आणि खाली येईपर्यंत दोघं कुस्तीवर भांडत होते.

आता मुद्द्याचं सांगतो.

गावातल्या शाळेत एकदा डोळ्यांचं शिबिर लागलं. सांगलीहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू तपासत होत्या आणि दुसऱ्या टेबलावर नेत्रदानासाठी नावं घेणं चालू होतं. तात्या माझा दंड धरून आले आणि नेत्रदानाच्या टेबलासमोर उभे राहिले. आख्खी शाळा हसली. आमचे आबाही तिथंच होते. आबा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. ते म्हणाले, “आरं येड्या, तुझं डोळं कोन घेतंय? फुटका घडा दान करतोस व्हय?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तात्यांना खुर्चीवर बसवून बॅटरी लावून तपासलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. डोळा म्हणजे घड्याळासारखा, पुढं काच असते. ह्या काकांची आतली शीर तुटलीय, ती काही जोडता येत नाही. पण पुढची काच एकदम स्वच्छ आहे. आणि आम्ही बसवतो ती काचच. ज्याची काच पांढरी पडलीय, त्याला ही बसवली तर तो बघू शकेल.

तात्यांनी बोटानं आपली पापणी चाचपली. मग मान ताठ करून म्हणाले, “आबा, ऐकलं न्हवं? माझी काच शाबूत हाय. तुझ्यातच मोतीबिंदू हाय.”

आबा वरमले, पण हटले नाहीत. आमच्याकडं एक समज आहे. डोळे काढून दिलेला माणूस पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येतो. आबांनी तेच सांगितलं. तात्या म्हणाले, “येऊ दे की. मला सवय हाय. तुमाला जमणार न्हाई ते.” आणि नाव देऊन टाकलं.

घरी येताना मोटारसायकलवर ‘सांग’ची थाप पडली नाही. ओढ्यापाशी आल्यावर आपणच बोलले. “काय रं, ही काच सांगलीतच कुणाला तरी बसवत असतील, न्हाई?”

“असतील की. जवळपासच.”

“मंग तू सांगलीला जाताना दाढी करून जात जा.”

“का?”

“कवातरी बाजारात गाठ पडंल. तुझं थोबाड एकदा बघायचं राहिलंय माझं.”

चेष्टेच्या सुरातच म्हणाले. पण खांद्यावरचा हात नेहमीपेक्षा घट्ट होता. मी गिअर उतरवला. उसाच्या ट्रॉलीनं सांडलेल्या पाल्यातनं गाडी हळू काढली आणि घर आलं.

तात्या गेले ती सकाळ साधीच होती. मी कामावर निघायच्या तयारीत होतो. त्यांनी चहा प्याला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. डॉक्टर येऊन बघून गेले. आईनं टाहो फोडला, मीही रडलो. आणि रडता रडता मला ती काच आठवली. चार-सहा तासांच्या आत काढावी लागते, नाहीतर वाया जाते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, निघतो. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, उशाला उशी द्या आणि पंखा बंद करा, काच वाळते.

तोवर भावकी जमली होती. कुणीतरी रिवाजाप्रमाणं तात्यांना उशीबिगर जमिनीवर घेतलं होतं आणि माशा बसू नयेत म्हणून टेबलफॅन आणून थेट तोंडावर लावला होता. मी धावत जाऊन फॅनची पिन उपसली, डोक्याखाली उशी सरकवली आणि कापूस भिजवून डोळ्यांवर ठेवला.

“आरं, मढ्यावर माशा बसवतोस व्हय रं?” आबा ओरडले.

मी सांगितलं, तात्यांचे डोळे द्यायचे आहेत, माणसं निघालीत.

घरात आवाजच आवाज. एक म्हणाला, लोक म्हणतील डोळं विकलं. एक म्हणाला, फाडलेलं मढं सरणावर घालायचं नसतं. आणखी कुणीतरी म्हणालं, साताऱ्याची लेक अजून वाटेत आहे, तिला बापाच्या डोळ्यांच्या खोबण्या दाखवणार काय? मी त्या कापसावर थेंब थेंब पाणी सोडत बसलो आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, “तात्यांनी सांगितलंय.” एकदा, दोनदा, दहादा. आवाज चढत गेला. शेवटी मी म्हणालो, “माझ्या बापाला जन्मभर तुमी बिच्चारा म्हणालासा. आज त्यो दान करायला बसलाय तर तुमच्या पोटात का दुखतंय?”

बाहेर जीप थांबली. एक पोरसवदा डॉक्टर आणि एक नर्स, हातात बर्फाचा डबा. आणि आबा दारात आडवे उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

आबा वाईट माणूस नव्हे, हे सांगितलं पाहिजे. तात्या अंध झाल्यापासून आमचं रान त्यांनीच कसलं, बांध कधी इकडचा तिकडं केला नाही. ते दारात उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. “एक जन्म काढला माझ्या भावानं अंधारात. आणिक एक कशाला घालतोस त्येला? सोडणार न्हाई मी.”

इथं कॉलर धरता येत नव्हती. पोरसवदा डॉक्टर माझ्याकडं बघत हळूच म्हणाला, “घरच्यांची संमती लागते. आईंची सही मिळाली तरच.”

आबांनी ते ऐकलं. माझी आई थोरल्या दिरासमोर कधी बोललेली नव्हती. डोक्यावरनं पदर घ्यायची, दाराआड उभी राहायची, आणि आबाही तिच्याशी थेट न बोलता आमच्यामार्फत निरोप द्यायचे. त्यांची पिढीच तशी. म्हणून तेव्हाही आबा माझ्याकडंच बघून म्हणाले, “इचार तुझ्या आईला. वडाला दोरा बांधून सात जन्माचा नवरा मागती न्हवं? पुढल्या जन्मी बी आंधळाच पायजे का तिला, इचार!”

हे वर्मी लागणारं होतं आणि सगळ्यांना कळलं होतं. मी आईकडं बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

“पायजे.”

आईचा आवाज. मी वळलो. आई तात्यांच्या पायापासून उठली होती. डोक्यावरचा पदर खाली पडला होता आणि तिनं तो उचलला नाही. आबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“पायजे, आबा. दरसाल ह्योच मागितलाय. डोळ्यासकट का डोळ्याबिगर, ते मी वडाला कवा सांगितलं न्हाई. मला ह्येंच्यासंगं संसार करायची सवय हाय. डोळस नवरा घिऊन काय करू? भलतीकडं बघंल.” तिचा आवाज फाटला, पण थांबली नाही. “तुमी भावाची माया केलीसा, मला ठावं हाय. पर त्येंचं एवढं एकच मागणं हुतं. आता बाजूला सरा. माणसं उन्हातनं आल्यात.”

आबांचे हात चौकटीवरनं आपोआप खाली आले.

आईनं सही केली. आम्ही लुगड्याचा आडपडदा धरला. फार वेळ लागला नाही. पडदा सारला तर तात्या तसेच, पापण्या मिटलेल्या, दुपारी वामकुक्षी घेतल्यासारखे. आबा वाकून, ह्या बाजूनं त्या बाजूनं बघून म्हणाले, “आरं, कळंना बी की काय!” बहीण साताऱ्याहून पोचली, तात्यांच्या कपाळावर हात ठेवून रडली आणि मग मला विचारलं, “दिलं का रं?” मी मान हलवली. तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. तीच बहीण, जिच्या वेण्या मी ओढल्या.

आबा आजही म्हणतात, ते पाप होतं. पण लग्नाकार्यात चार माणसं जमली की तीच गोष्ट आपणहून सांगतात, आणि सांगताना असं ऐटीत सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, जीप ह्यांनीच चालवत आणली. आई यंदाही वडाला जाऊन आली. विधवेनं वडाला कशाला जायचं, असं एकीनं विचारलं. आई म्हणाली, “नवरा मेलाय, बुकिंग मेलं न्हाई.” आणि दोरा गुंडाळून आली.

काही आठवड्यांनी फोन आला होता. दोन्ही काचा बसल्या, दोन माणसांना दिसायला लागलं. कोण, कुठले, ते सांगत नाहीत. नियम आहे. मी विचारलं नाही.

मला कुणी अक्कल शिकवायला नको. मी यंत्रावर काम करणारा माणूस आहे. काच म्हणजे काच, ती कुणाला ओळखत नाही. बघणारा दुसराच कुणीतरी, त्याला माझ्या बापाचं काय? हे सगळं मला माहीत आहे. आणि तरीही मी सांगलीला जाताना दाढी करून जातो. कुणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

मागच्या महिन्यात स्टँडवर उभा होतो. तेच बाक, त्याच शेंगांच्या टोपल्या. समोर एक म्हातारा गावाकडचा माणूस, गुडघ्यावर पिशवी घेऊन, माझ्याकडं टक लावून बघत होता. हटेना. मी नजर दिली तरी हटेना. जुनी सवय उसळली, मुठी वळल्या, “काय बघतोस रं” ओठांवर आलं होतं.

गिळलं. एक पाऊल पुढं होऊन उजेडात उभा राहिलो, टोपी काढली आणि तोंड त्याच्याकडं केलं.

बघा म्हटलं, निवांत बघा. बघण्यानं झिजतोय व्हय मी?